फी माफ झाली, हजेरीचे काय?

पदवीच्या एका सत्रात साधारण ९० दिवस शिकवणे होते असे धरले, तर ७५ टक्के हजेरीसाठी ६८ दिवस वर्गात बसावे लागते. ताप-खोकला, घरातले लग्नकार्य, बंद पडलेली एसटी असे सगळे मिळून गैरहजर राहायला हातात उरतात २२ दिवस. त्याच सत्रात बाळंतपण आले की काय होते ते पाहा. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. आठवड्याचे सहा दिवस कॉलेज धरले तर तेवढ्यातच बत्तीस-तेहतीस दिवस जातात. सीझर झाले असेल तर आणखी जातात. त्याआधीच्या तपासण्या आणि सोनोग्राफी वेगळ्या. पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाच्या लसी, आणि लस टोचली की अंगात कणकण आलेले बाळ रात्रभर खांद्यावर. मुलगी कितीही हुशार असो, कितीही कष्टाळू असो, हा हिशेब जुळण्यातला नाही. तरीही परीक्षेच्या आठ दिवस आधी सूचनाफलकावर जी यादी लागते, तिच्यात तिचे नाव ‘हजेरी अपुरी’ या एकाच मथळ्याखाली, वर्षभर न फिरकलेल्यांच्या शेजारी असते.

हा हिशेब मुद्दाम आधी मांडला, कारण शिकणाऱ्या आईला मदत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा पैसा येतो. पैशाच्या बाजूने महाराष्ट्रात खरोखर पाऊल पडले आहे. जुलै २०२४च्या शासन निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या कुटुंबांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले. त्याआधी ही सवलत निम्मी होती. निर्णय चांगला आहे, आणि ज्या घरात ‘मुलीवर एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न विचारला जातो तिथे तो कामाचा ठरतो. पण कडेवर मूल असलेल्या विद्यार्थिनीचे शिक्षण बहुतेक वेळा फीपाशी अडत नाही. ते वेळेपाशी अडते. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच की तिने, तिच्या घरच्यांनी आणि तिच्या कॉलेजनेही आधी वेळेची तजवीज करावी, मग मूल कुठे राहील याची, आणि पैशाचा विचार त्यानंतर. क्रम उलटा झाला की मिळालेला पैसाही हातातून जातो, कारण बहुतेक शिष्यवृत्त्यांना हजेरीची अट असते, काहींना शिक्षणात खंड नसावा ही अटही असते.

मुळात ही विद्यार्थिनी कोणत्याच खात्याच्या वहीत नीट नोंदलेली नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१चा. २०१७च्या दुरुस्तीने त्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सक्ती झाली. पण या तरतुदी नोकरी करणाऱ्या बाईसाठी आहेत. एकाच कॉलेजातल्या प्राध्यापिकेला सहा महिन्यांची रजा मिळते आणि तिच्यासमोरच्या बाकावरच्या विद्यार्थिनीला त्या तरतुदींनी एक दिवसही मिळत नाही. शिक्षण खाते तिला विद्यार्थिनी म्हणून ओळखते, महिला व बालविकास खाते स्तनदा माता म्हणून, समाजकल्याण खाते लाभार्थी म्हणून. तिन्ही ओळखी एकाच बाईच्या आहेत हे तिन्ही खिडक्यांवर तिचे तिलाच सांगावे लागते. अशा मुली थोड्याथोडक्या असतील असेही समजू नये. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. ज्या वयात अकरावी-बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष येते, तेच हे वय. पुढे बी.एड., नर्सिंग, एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या विवाहितांची गणती यात आलेलीच नाही. शिकणारी आई आपल्याला नवी आहे असेही नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला शिकायला गेल्या तेव्हा दोन वर्षांची मनोरमा त्यांच्यासोबत होती, आणि परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. एकोणिसाव्या शतकात जी गोष्ट एका विधवेने करून दाखवली, ती आपल्या कॉलेजांच्या नियमपुस्तिकांत अजून पुरती उतरलेली नाही.

तरी नियम अगदीच कोरे नाहीत, आणि तुम्ही विद्यार्थिनी असाल तर पुढचे नीट लक्षात ठेवावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १४ डिसेंबर २०२१ रोजी सर्व कुलगुरूंना पत्र पाठवले. विद्यार्थिनींना मातृत्व रजा देण्यासाठी नियम करावेत, हजेरीत सूट आणि परीक्षेचा अर्ज भरायला मुदतवाढ अशा सवलती पदवी आणि पदव्युत्तर वर्गांनाही द्याव्यात, असे त्यात म्हटले आहे. पीएच.डी.साठी तर स्पष्ट नियमच आहे. २०२२च्या विनियमांप्रमाणे संशोधक विद्यार्थिनीला पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते, आणि प्रबंध सादर करायला इतरांपेक्षा दोन वर्षे जास्त मिळू शकतात. मात्र सगळे मिळून दहा वर्षांच्या आत. केरळने जानेवारी २०२३ मध्ये विद्यापीठांतल्या १८ वर्षांवरील विद्यार्थिनींना ६० दिवसांची मातृत्व रजा दिली. म्हणजे एखाद्या राज्याने मनावर घेतले तर हे होते.

न्यायालयांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे, पण सगळ्यांचा कौल एका बाजूला नाही. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने, गरोदरपण आणि बाळंतपण यांमुळे परीक्षा हुकलेल्या एका बी.टेक. विद्यार्थिनीच्या प्रकरणात, तिथल्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला विद्यार्थिनींच्या मातृत्व सवलतींचे नियम करण्याचा आदेश दिला; अशी सवलत नाकारणे समानतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्काला धरून नाही, अशी त्या न्यायालयाची भूमिका होती. मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मेरठच्या विद्यापीठातल्या एम.एड.च्या विद्यार्थिनीची बाजू उचलून धरली. तिच्या ५९ दिवसांच्या रजेचा पुन्हा विचार करावा आणि त्यानंतर थिअरीची ८० टक्के हजेरी भरत असेल तर तिला परीक्षेला बसू द्यावे, असा तो आदेश होता. शिक्षण की मातृत्व यांतले एक निवडायला बाईला भाग पाडता येणार नाही, हे त्या निकालाचे सूत्र. पण त्याच दिल्लीत २०१८ साली कायद्याच्या एका विद्यार्थिनीला बाळंतपणामुळे हजेरी कमी पडली असतानाही परीक्षेला बसण्याची परवानगी मिळाली नव्हती. वकिलीच्या अभ्यासक्रमाचे हजेरीचे नियम वेगळे आणि कडक आहेत, असे न्यायालयाने मानले. या सगळ्यातून तुम्ही घ्यायचे ते असे: न्यायालयात दाद मागता येते, पण तिच्या भरवशावर राहू नये. सत्र संपून परीक्षा तोंडावर आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सत्र सुरू होतानाच कागद तयार हवा.

तो कागद कसा असावा याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक प्रकरणे इथेच बिघडतात. मुली वर्गशिक्षिकेला तोंडी सांगतात, मॅडम ‘बघू, तू काळजी करू नकोस’ म्हणतात, आणि दोन महिन्यांनी हजेरीची यादी लावणाऱ्या लिपिकाला यातले काहीच ठाऊक नसते. म्हणून अर्ज प्राचार्यांच्या नावे, लेखी, पाचव्या-सहाव्या महिन्यातच द्यावा. त्यात आपले नाव, वर्ग, तुकडी, विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, डॉक्टरांनी सांगितलेली प्रसूतीची अपेक्षित तारीख, आणि रजा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत हवी ते आकड्यांत लिहावे. सोबत माता-बाल संरक्षण कार्डाची किंवा दवाखान्याच्या कागदाची प्रत जोडावी. विषयाच्या ओळीत ‘आजारपणाची रजा’ असे लिहू नये. ‘मातृत्व रजा व हजेरीत सूट’ असे लिहावे आणि आयोगाच्या १४ डिसेंबर २०२१च्या पत्राचा उल्लेख करावा. आजारपण म्हटले की ते प्राचार्यांच्या मर्जीतल्या ठरावीक टक्क्यांत जाऊन बसते, आणि ते टक्के तुम्हाला पुरणार नाहीत. मग मागणी एकेक करून लिहावी: रजेचे दिवस हजेरीच्या हिशेबातून वगळावेत, अंतर्गत चाचणी आणि प्रकल्प पुढच्या तारखेला घ्यावेत, राहिलेली प्रात्यक्षिके कोणत्या आठवड्यात भरून काढता येतील ते कळवावे, परीक्षेचा अर्ज मुदतीत भरायला घरचे माणूस आले तर तो स्वीकारावा. अर्जाच्या दोन प्रती काढून एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवावी. पोच नसलेला अर्ज न दिलेल्या अर्जासारखाच असतो, हे कटू वाटले तरी कचेरीतले सत्य आहे.

आठ-पंधरा दिवसांत उत्तर आले नाही किंवा ‘असा नियम नाही’ असे तोंडी सांगितले, तर नकार लेखी मागावा. आयोगाच्या २०२३च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. समितीने तक्रार आल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. या समितीकडे जाणे म्हणजे कॉलेजशी भांडण उकरून काढणे, अशी भीती मुलींना वाटते. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण अर्जाची भाषा शांत आणि मागणी मोजकी असली की बहुतेक प्राचार्यांना उलट हायसेच वाटते, कारण सूट देण्याचा निर्णय घेतला तर पाठीशी दाखवायला त्यांनाही कागद हवा असतो.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. परिचारिकेने वॉर्डात तास भरलेच नाहीत, शिक्षिकेने शाळेत पाठ घेतलेच नाहीत, तर पदवी कसली? बी.एड.ला अभ्यासक्रमाची आणि प्रात्यक्षिकांची ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेची ९० टक्के हजेरी लागते. कायद्याच्या अभ्यासक्रमात बार कौन्सिलची अट ७० टक्क्यांची आहे. नर्सिंगमध्ये प्रात्यक्षिकाचे तास पूर्णच भरावे लागतात, आणि ते योग्य आहे. उद्या तिच्या हातात कुणाचे तरी सलाईन असणार आहे. पण आक्षेप घेणारे एक गफलत करतात. काम माफ करणे आणि काम पुढे ढकलणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिकणारी आई वॉर्डातले तास टाळू पाहत नाही. जानेवारीतले तास मेमध्ये भरू द्या, एवढेच तिचे म्हणणे असते. थिअरीत हजेरीची खरी सूट, प्रात्यक्षिकात फक्त तारखेची सूट: हा भेद कॉलेजने एकदा मान्य केला की दर्जाचा प्रश्न उरत नाही. म्हणून व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थिनीने अर्जात ‘माझे इतके तास राहतील आणि ते मी अमुक सुट्टीत भरीन’ असे आपणहून लिहावे. त्याने अर्धा विरोध जागीच मावळतो.

सत्र सोडावेच लागले तरी ते ‘सोडून देणे’ होऊ नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मिळवलेले श्रेयांक अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. त्यासाठी खाते उघडलेले आहे आणि कॉलेजने प्रत्येक सत्राचे श्रेयांक त्यात चढवले आहेत, याची खात्री बाळंतपणाआधीच करून घ्यावी. मागाहून हे काम कुणी करत नाही. शिष्यवृत्ती चालू असेल तर खंडाबाबतची अट त्या योजनेच्या शासन निर्णयात वाचून मगच विश्रांतीचा अर्ज करावा. दहावी-बारावीच्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बोर्डाच्या परीक्षेला बसता येते. १९८९ पासून नाशिकला असलेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि एसएनडीटीचे दूरशिक्षण हेही खरे मार्ग आहेत. मात्र एका गोष्टीला इथे जोरदार विरोध करायला हवा. गरोदर मुलगी दिसली की ‘आता तू बाहेरून कर’ असे सांगून दार लावून घेणारी कॉलेजे आहेत. मुक्त शिक्षण हे तिने निवडले तर साधन आहे, तिच्यावर लादले तर हकालपट्टी आहे. विज्ञानाच्या मुलीला प्रयोगशाळा घरी मिळत नाही. मैत्रिणींच्या वह्या, ग्रंथालय, शिक्षकांशी दोन मिनिटांचे बोलणे, यांतले काहीच टपालाने येत नाही.

वेळेची सोय झाली की पुढचा प्रश्न मुलाचा. बाळाला पहिले सहा महिने आईचेच दूध हवे, आणि तास दहा ते पाच. एसटीच्या स्थानकांत आणि सरकारी कार्यालयांत बाळाला दूध पाजण्यासाठी हिरकणी कक्ष झाले. तसाच एक कक्ष कॉलेजात करायला निधी लागत नाही. आतून कडी लागणारी खोली, एक खुर्ची, एक टेबल, हात धुवायला पाणी आणि शक्य असेल तर छोटा फ्रीज. मुलींच्या कॉमन रूमचा कोपरा पडदा लावून वेगळा काढला तरी भागते. घरच्या माणसाने मधल्या सुट्टीत बाळ घेऊन फाटकावर यायचे आणि पहारेकऱ्याने ‘लहान मूल आत चालत नाही’ म्हणायचे, हे थांबवायला तर प्राचार्यांची एक ओळ पुरे. सहा महिन्यांनंतर पाळणाघर. केंद्राच्या मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना ठेवता येते, आणि आई नोकरी करते की नाही ही अट त्यात नाही. अंगणवाडीला जोडून चालणारे असे पाळणाघर आपल्या भागात आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. नसेल तर कॉलेज आणि ग्रामपंचायत यांनी मिळून मागणी करावी.

‘चार मुलींसाठी पाळणाघर कसे परवडणार?’ हा प्रश्न संस्थाचालक हमखास विचारतात. पाळणाघर फक्त विद्यार्थिनींसाठी कोणी मागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठांत आणि कॉलेजांत पाळणाघरे काढण्यासाठी योजना आणली होती, आणि ती कर्मचारी, विद्यार्थी, संशोधक या सगळ्यांच्या मुलांसाठी होती. शिक्षक, लिपिक, शिपाई, ग्रंथालयातल्या ताई यांची मुले धरली की चारचा आकडा पंधरावर जातो. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेला कायद्यानेच पाळणाघर करायचे आहे; त्याच खोलीत विद्यार्थिनीचे मूल घ्यायला वेगळी इमारत लागत नाही. शिवाय आकडा लहान दिसतो तो सोय नाही म्हणूनही. ज्या कॉलेजात मुलाला घेऊन येताच येत नाही, तिथे आई असलेली विद्यार्थिनी टिकणार कशी, आणि टिकली नाही तर मोजणार कुणाला?

राहण्याचा प्रश्न खेड्यातून शहरात आलेल्यांसाठी सगळ्यात अवघड. वसतिगृहात मुलाला जागा नसते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विवाहित विद्यार्थ्यांसाठी महानदी वसतिगृह आहे, पण आपल्या जिल्ह्याच्या गावी असे काही मिळणे दुरापास्त. म्हणून वसतिगृहाऐवजी खोलीसाठी पैसे देणाऱ्या योजना शिकणाऱ्या आईला जास्त उपयोगी पडतात: अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर पात्र विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. त्या रकमेत आई, मूल आणि आजी अशा तिघांची खोली काही गावांत बसू शकते.

आता पैसा. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात: गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर ३,०००, आणि बाळाची जन्मनोंद व पहिल्या टप्प्यातल्या लसी पूर्ण झाल्यावर २,०००. दुसरे अपत्य मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडे होतो, आणि बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत नोंद व्हावी लागते. माहेरी बाळंतपण आणि सासरी कागदपत्रे या ये-जा करण्यात ही मुदत निसटते, म्हणून नोंद गरोदरपणातच करून घ्यावी. नंतर गाव बदलले तरी बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना एवढे पाहावे. सरकारी दवाखान्यात प्रसूती झाली तर पात्र कुटुंबांना जननी सुरक्षा योजनेची छोटी रक्कमही मिळते. १ एप्रिल २०२३ नंतर मुलगी झाली असेल आणि शिधापत्रिका पिवळी किंवा केशरी असेल तर ‘लेक लाडकी’ योजनेत तिच्या जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १,०१,००० रुपये आहेत. स्वतः आई २१ वर्षांची झाली असेल आणि कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ‘लाडकी बहीण’चे दरमहा १,५०० रुपयेही आहेत, मात्र दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा तेवढी रक्कम मिळत असेल तर काय होते, हे आधी तपासावे. यांतली कोणतीही रक्कम शिक्षण पार पाडण्याइतकी मोठी नाही. पण पाळणाघराचे महिन्याचे पैसे आणि एसटीचा पास यांच्याशी तुलना केली तर ती बिनमोलही नाही. एक अडचण जवळपास प्रत्येकीला येते: दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच. शिक्षण पूर्ण होईपर्यंत सगळीकडे एकच नाव ठेवावे, आणि ते बदललेच असेल तर विवाह नोंदणी दाखला प्रत्येक अर्जासोबत जोडावा. उत्पन्नाचा दाखला माहेरचा चालेल की सासरचा, हेही अर्जाआधी योजनेच्या नियमांत पाहून घ्यावे.

दुसरा मोठा आक्षेप नैतिक सुरात येतो: शिकताना मूल कशाला, आणि अशा सोयी केल्या तर लवकर लग्न करायला आपण उत्तेजनच देणार नाही का? बालविवाहाची काळजी खरी आहे. त्याच आरोग्य पाहणीत, २० ते २४ वयाच्या महाराष्ट्रातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेले दिसते. पण मुलीचे लग्न ठरवणारे आईवडील कॉलेजात हिरकणी कक्ष आहे का, हे पाहून तारीख काढत नाहीत. बस बंद झाली, दहावीनंतर गावात वर्ग नाही, ऊसतोडीला निघताना मुलीला मागे ठेवायचे कुणाकडे, अशा कारणांनी लग्ने लवकर लागतात. लग्न लागून मूल झाल्यावर शाळा-कॉलेज बंद केले तर शिक्षा त्या मुलीला होते, लग्न लावणाऱ्यांना नाही. आणि मूल होण्याचे वय व पदवी-संशोधनाचे वय बहुसंख्य बायकांच्या बाबतीत एकच आहे. तीस-बत्तिसाव्या वर्षापर्यंत पीएच.डी. चालते, तोवर थांबा हा सल्ला व्यवहारात टिकत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. तिथे कायदा तिला बालक मानतो. १०९८ या क्रमांकावर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे मदत मागता येते. शाळेने अशा वेळी तिचा दाखला हातात देऊन मोकळे होऊ नये. त्या मुलीला सगळ्यात जास्त गरज असते ती शाळेत आपले नाव अजून आहे या आधाराची.

‘इतर विद्यार्थ्यांवर अन्याय’ हा तिसरा आक्षेप. हजेरीची सूट मिळाली तरी उत्तरपत्रिका तिला तीच लिहायची आहे, गुण त्याच मापाने मिळणार आहेत. खेळाडूंना, एनसीसीच्या छात्रांना शिबिराचे दिवस मिळतात, आणि त्यात कुणाला अन्याय दिसत नाही. जर्मनीने तर २०१८ पासून मातृत्व संरक्षणाच्या कायद्यातच विद्यार्थिनींना घेतले: बाळंतपणाआधी सहा आणि नंतर आठ आठवडे त्यांना परीक्षेची सक्ती करता येत नाही, मात्र त्यांची स्वतःची इच्छा असेल तर परीक्षा देता येते. ही रचना मला आवडते, कारण ती रजा देते आणि निर्णय तिच्याकडेच ठेवते. सध्या जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या मोठी आहे. त्यांतल्या विवाहितांनी तिथे पोचल्यावर विद्यार्थी सेवा संस्थेच्या कार्यालयात पाळणाघराच्या जागेसाठी लगेच नाव घालावे, कारण प्रतीक्षायादी लांब असते.

घराबद्दल बोलल्याशिवाय हे पुरे होत नाही. रजेचे दिवस मंजूर झाले, पण ‘घरीच आहेस तर’ म्हणून पाहुण्यांचा चहा, धुणे आणि म्हशीची धार तिच्याच वाट्याला आली, तर त्या रजेत एक पानही वाचून होत नाही. नवऱ्याने रोजचे दोन तास बाळाकडे पाहायचे ठरवावे आणि ते तास ठरलेले असावेत; जमेल तेव्हा सांभाळतो म्हणणाऱ्याला क्वचितच जमते. अभ्यासाला पहाट बरी की बाळ झोपल्यावरची रात्र, हे तिचे तिने ठरवावे, बाकीच्यांनी तेवढा वेळ शांतता पाळावी. नवरा स्वतः विद्यार्थी असेल तर त्यानेही कॉलेजात अर्ज द्यावा. बापासाठी नियम नसला तरी लसीकरणाच्या दिवशी प्रात्यक्षिकाची तारीख बदलून मागण्यात काही वावगे नाही, आणि असे दोन-चार अर्ज आले की बालसंगोपन ही एकट्या बाईची बाब आहे हा कचेरीतला समजही ढळतो.

प्राचार्य आणि शिक्षक हा लेख वाचत असतील तर त्यांच्यासाठी एक काम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६प्रमाणे प्रत्येक संलग्न कॉलेजात महाविद्यालय विकास समिती असते. तिच्या पुढच्या बैठकीत मातृत्व रजा, हजेरीतली सूट आणि राहिलेली प्रात्यक्षिके भरून काढण्याची पद्धत यांवर अर्ध्या पानाचा ठराव करावा, अर्ज कोणाकडे द्यायचा त्या शिक्षिकेचे पदनाम त्यात लिहावे, आणि जूनमध्ये छापल्या जाणाऱ्या माहितीपुस्तिकेत रॅगिंगच्या सूचनेशेजारी तो छापावा. मग प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला कुणापाशी चाचरत विचारावे लागणार नाही. तिला ते वाचायला मिळेल.